पक्याचा फोनवरचा दवाखाना

४ नोव्हेंबर
गोव्याहून आल्यापासून पक्या फुलबाह्यांचा शर्ट काढत नाही. आज विहिरीवर मीच बाही वर सरकवली. कोपराखाली लिंबाएवढा फोड, लाल, गरम. सुईचाच. धाकटा भाऊ माझा, केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे.
दवाखान्याचं नाव काढलं तर, "मी जावचंय नाय. थंय सगळ्यांसमोर माका गर्दुल्लो म्हटल्यानी."

६ नोव्हेंबर
गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी एक नंबर दिला होता. कणकवलीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून नीलम आली. सुया टोचून नशा करणाऱ्यांसाठी काम करते. पिशवीतून काय काढावं? कोऱ्या सुया, कापूस, स्पिरिट. माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच सुया वाटता?"
"तो टोचणारच आहे ताई. निदान दुसऱ्याची सुई नको. जगला तर सोडेल."
भाकऱ्या थापताना तेच कानात. जगला तर...

७ नोव्हेंबर
नीलमच्या केंद्राचे डॉक्टर व्हिडिओवर. घरात रेंज नाही, म्हणून सुरूच्या बनापलीकडे वाळूत ओढून ठेवलेल्या होडीत बसलो. डॉक्टर बाई आहेत. पहिला प्रश्न, "प्रकाश, तुम्ही जेवलात का?"
पक्या माझ्याकडे बघायला लागला. तुम्ही कुणाला म्हणतात म्हणून.
हात बघून म्हणाल्या, "लाली वर चढतेय, तापही आहे. हे फोनवर बरं होणार नाही. आजच चिरून पू काढायला हवा. मी तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवते."
"परत कोण काय बोलला तर?"
"फोन चालू ठेवा. मी आहे."
रिक्षाने नेला. फोन शर्टच्या खिशात, शेवटपर्यंत चालू. कुणी काही बोललं नाही. सिस्टर तर दादा म्हणाली. घरी येऊन पालथा झोपला, लहानपणी झोपायचा तसा.

१२ नोव्हेंबर
पट्टी मीच बदलते, डॉक्टर फोनवरून बघतात. जखम भरतेय. आज त्यानेच विचारलं, "नशा सोडवूक जिभेखाली ठेवतत ती गोळी... माका मिळात काय?"
मिळेल म्हणाल्या. पहिली कणकवलीला, केंद्रात, त्यांच्यासमोर. पण आधी नशा उतरून अंग दुखायला लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर गोळीनेच त्रास.
"त्या दुखण्याचीच भीती वाटता."
"वाटणारच," डॉक्टर म्हणाल्या. उगाच धीर दिला नाही. मला ते आवडलं.

१५ नोव्हेंबर
एसटीत घामाने भिजला, नाक गळतंय, पाय थरथरतायत. कसालच्या थांब्यावर उठला. "माका उतरूचा आसा."
"उतर. मी पण उतरतंय."
माझ्याकडे बघितलं आणि बसला.
केंद्रात नीलम दारातच उभी. गोळी दिली, तपासणीला रक्त घेतलं. दुपारी म्हणाला, "भूक लागली गो." उसळ-पाव खाल्ला, वर दुसरा पाव मागितला. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले. डोळे...

२३ नोव्हेंबर
काल दिवसभर गायब. संध्याकाळी आला तेव्हा डोळ्यांवरूनच कळलं. मी नको ते बोलले. जेवला नाही.
आज सकाळी एकटाच होडीकडे गेला. मी चहा घेऊन मागोमाग. फोनवर सांगत होता, "खोटा सांगूचंय नाय डॉक्टर. काल घेतलंय."
"सुई नवी होती?"
"होय."
"सांगितलंत, बरं केलंत. आता गोळी कधी घ्यायची ते बघू."
एवढंच. रागावल्या नाहीत. मी तिथेच उभी, पुढे जाववेना.

२ डिसेंबर
रक्ताचा रिपोर्ट आला. कावीळ सी, दुसऱ्याच्या सुईतून रक्तात जाणारी. काही महिने गोळ्या घ्यायच्या, बहुतेकांची बरी होते, डॉक्टर म्हणाल्या. पक्या फोनमध्ये वाकून, हळू, "मी आचारी. माझ्या हातचा जेवाण लोकांका चलात मां?"
"चालेल. जेवणातून, ताटातून नाही पसरत."
फोन ठेवला. मग उठून थेट किनाऱ्यावर गेला, सुंगटं, ताजी कोळंबी घेऊन आला. कालवण केलं. गोव्याचं तिखट. त्याच्याच ताटात जेवले मी. नको म्हणत होता, ऐकलं नाही.
सोमवारी काविळीच्या गोळ्यांसाठी कणकवलीला जायचंय. येतोस ना, विचारलं. ताटात आणखी कालवण वाढलं त्याने. "मीठ बरोबर आसा मां?" म्हणाला.