शेंगदाणे वेचणारी पावणी

मंगळवार, संध्याकाळ

पहिली आत घुसली मुलाची मावशी, मागनं मुलगा. आमच्या सुमनला बघायला. बाईनं पोह्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले. वर म्हणते कशी, “डॉक्टरकीच्या परीक्षेत एकदा आपटली न्हवं? आता परत बसवू नका.” मुलगा फिदीफिदी हसला. मेला, बापाच्या दुकानात माश्या मारतोय!

परत बसू का नको, सुमनचं रोज चाललेलं. दाराआड उभी होती, रडते की काय वाटलं. मी म्हटलं, “उत्तर न्यायला रविवारी या की.”

ते गेल्यावर सुमन म्हणाली, “आज्जी, रविवारी तर पुण्याला परीक्षा हाय!”

मला काय ठाऊक न्हवतं व्हय?

हसत उठली, पुस्तक घेऊन बसली. माझी वाघीण!

बशीत नुसते पोहे टाकून गेली भवानी. माणसंबी अशीच वेचत असणार. रविवारी नक्की येतो म्हणालेत.