टाकीचं उलटं चाक

९ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. भावोजींचा गुडघा आता बरा असेल. इकडे उन्हं तापायला लागलीत. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तू विचारणारच, म्हणून आधी सांगितलं.

गावात आता आहेच काय, असं लिहिलंस. खाण चालू होती तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसायची, ते तू पाहिलंयस. खाण बंद पडली, मग शाळा, मग बस. खालच्या गल्लीत माणसांपेक्षा कुलपं जास्त. खाणवाल्यांनी मागे ठेवलेली कामाची वस्तू एकच, टेकडीवरची पाण्याची टाकी. तिचं पाणी सोडायचं चाक बसवणाऱ्याने उलटं बसवलं. नेहमीसारखं उघडायला जावं तर ते बंद होतं. पण फिरवणारा माणूस एकच, त्यामुळे कधी अडलं नाही.

हे गेल्यावर सोबतीला राहून तू परत गेलीस, त्याच आठवड्यात एका सकाळी जुन्या विहिरीचा रहाट कुरकुरला. बाहेर येऊन पाहते तर गवंडीमामा आणि दुकानवाल्या काकू भरल्या कळश्या घेऊन चढावर धापा टाकतायत.

"नळाला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. विहिरीचं पाणी जरा गोड लागतं," मामा म्हणाले.

"गोड कसलं डोंबलाचं!" काकूंनी कळशी खाली टेकवली. "परवापासून चाकाशी कुस्ती खेळतायत. होतं त्याहून घट्ट करून ठेवलंय. पण असल्या दिवसांत तुझ्या दारात विचारायला यायचं तरी कुणी?"

मी चपला घातल्या आणि टेकडी चढले. चाकाला ह्यांनी गुंडाळलेली सुतळी तशीच होती. पाय रोवून जोर लावला, तेव्हा कुठे हललं. खालून कुणीतरी "आलं, आलं" म्हणालं. मग मी तिथेच बसले आणि रडले. तुझ्यासमोर रडू आलं नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

चाक सरळ करून घे आणि मोकळी हो, असं म्हणशील. जुनं आहे, खोललं तर मोडेल. काकूंना शिकवते आहे. त्या रोज आधी चुकीच्या बाजूला फिरवतात आणि शिव्या मला देतात.

भावोजी रविवारी न्यायला येतायत. येऊ देत, जेवून जाऊ देत. मी येणार नाही.

ह्यांना सगळे टाकीवाले म्हणायचे. यापुढे पाकिटावर ह्यांचं नाव घालू नकोस. माझंही नको. खाली लिहिलंय तेवढंच लिही, पोचेल.

तुझी धाकटी,
टाकीवाली