निबंध क्रमांक सतरा

मी, मीनाक्षी जयप्रकाश आठल्ये, वय ७३, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार बेहाला, कोलकाता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. तसे करू धजेल असा माणूस माझ्या ओळखीत नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट माझी एकुलती मुलगी वैदेही हिला द्यावा. ती न्यू टाउनला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा येऊन जाते. हॉस्टेलवर होती तेव्हा ती मला इंग्रजीत पत्रे लिहायची. मी ती लाल शाईने तपासून परत पाठवायचे. तिसऱ्या पत्रानंतर तिने फोन करायला सुरुवात केली, आणि पुढे मला एक ओळही लिहिली नाही. तिचे व्याकरण कच्चे होते, हे मी आजही म्हणेन.

२. माझे धाकटे बंधू अजेय यांस काहीही देऊ नये. त्याचे कारण त्यांना माहीत आहे. ते विसरले असतील, तर वैदेहीने आठवण करून देऊ नये.

३. माझी पुस्तके शाळेला देऊ नयेत. तिथे ती कुलपात जातील. वैदेहीने ती कोणाही वाचणाऱ्याला वाटून टाकावीत. वाचणारे कसे ओळखावे ते मात्र मी तिला सांगू शकत नाही. तेहतीस वर्षे मी वर्गात बाकांच्या क्रमाने वाचून घेतले, एका मुलीने एक परिच्छेद. मुली बोटांवर मोजून आपला परिच्छेद शोधायच्या, तो मनात घोकायच्या आणि पाळी संपली की खिडकीबाहेर बघायच्या. उच्चार चुकला की तास संपेपर्यंत उभे. वर्ग शांत असे आणि तपासणीला आलेले अधिकारी त्याचीच तारीफ करत. त्या शांततेत कोणीही वाचत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळले असे लिहायला बरे वाटले असते. ते मला पहिल्याच वर्षी कळले होते.

४. कपाटाच्या खालच्या खणात खाकी कव्हरची एक वही आहे. ती नूपुर समाद्दार हिची आहे, तिलाच द्यावी. ती माझ्याकडे का राहिली, हे लिहिणे भाग आहे.

१९९४ साली नूपुर माझ्या नववीच्या वर्गात होती. तिचे वडील बेहालातच पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. मी ‘रविवार’ या विषयावर निबंध दिला होता. तिने लिहिले की रविवारी हातोडा थांबतो, पण बाबांचा हात थांबत नाही. जेवतानाही त्यांची बोटे ताटाच्या कडेवर ठोके देत राहतात. इतके सरळ इंग्रजी मी स्वतः कधी लिहिले नव्हते. मी तिला वर्गासमोर उभे केले आणि विचारले, “कुठून उतरवलंस?”

“मी लिहिलंय, मिस.”

“मग प्रत्येक शब्दाचा अर्थ सांग.”

भीतीने तिला पहिल्या शब्दाचाही अर्थ सांगता येईना. मुली हसल्या. मी हसू दिले. वहीवर शून्य लिहिले, वही ठेवून घेतली आणि तिच्या वडिलांना बोलावणे धाडले.

ते दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आले. मी बोलत होते आणि ते नूपुरशेजारी मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. त्यांची बोटे माझ्या टेबलाच्या कडेवर ठोके देत होती.

त्या क्षणी मला सगळे समजले. माझे वाक्य अर्धे झाले होते. मी ते पूर्ण केले. “तुमची मुलगी चोरी करते,” मी म्हणाले. नूपुर एवढेच म्हणाली, “बाबा, तुम्ही वाचून तर बघा.” त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. “मिस कशाला खोटं बोलतील?” असे म्हणून त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. दहावी होईपर्यंत ती माझ्या तासाला एक शब्द बोलली नाही. मीही तिला उठवले नाही.

पाच वर्षांनी एस्प्लनेडजवळच्या एका प्रकाशकाने शाळकरी मुलांसाठी माझे इंग्रजी निबंधांचे पुस्तक काढले. त्यातला सतरावा निबंध नूपुरचा आहे. पुस्तकावर नाव माझे आहे. बाकीचे चाळीस निबंध मी लिहिले. लोक सतराव्याचेच कौतुक करतात.

२०११ साली पालकसभेला नूपुर आली. तिची मुलगी आमच्याच शाळेत सहावीला होती. नूपुर बंगालीत शांतपणे म्हणाली, “मिस, माझ्या मुलीला तुमचा सतरावा निबंध पाठ करायला दिलाय. तिला येत नाही म्हणून रोज शिक्षा होते.”

मी म्हणाले, “मग नीट पाठ करून घे.”

५. या पुस्तकाचे सर्व हक्क मी नूपुरला देत आहे. पुढच्या आवृत्तीत सतराव्या निबंधावर तिचे नाव छापावे आणि वरील कलम चार प्रस्तावना म्हणून जसेच्या तसे घालावे. हे काम सुधाकर पेंढरकर यांनी करावे. ते माझ्या यजमानांचे बँकेतले स्नेही आहेत आणि आळशी आहेत. वैदेहीने त्यांच्या मागे लागावे.

गेल्या महिन्यात मी नूपुरला घरी बोलावून हे सांगितले. तिने चहा घेतला नाही.

“नको, मिस,” ती म्हणाली. “बाबा गेले. मी चोर होते असंच समजून गेले. आता नाव छापलंत तर लोक म्हणतील, मरायला टेकलेल्या म्हातारीकडून लिहून घेतलं. मला परत वर्गासमोर उभं करू नका.”

हे तिने हात जोडून सांगितले. तिचे म्हणणे मी इथे नोंदवले आहे. तरीही नाव छापावे. विद्यार्थिनीला विचारून मी आजवर काही केलेले नाही.

मीनाक्षी जयप्रकाश आठल्ये
(सही)

मीनाक्षीबाईंनी हा मजकूर आम्हां दोघांना वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. पाचवे कलम गाळावे असे आम्ही सुचवले. त्यांनी ऐकले नाही.

साक्षीदार :
१. अलका दत्तात्रय भागवत (सही)
२. अनिकेत रानडे (सही)

बेहाला, कोलकाता
११ डिसेंबर २०२५