रंगवलेले पडदे

मॅरिस, ओहायो
२२ सप्टेंबर

प्रिय वर्लीनताई,

कशी आहेस? मुलं बरी ना? पत्र लिहायचं महिनाभर टाळलं. लिहायला बसायचो आणि उठून गवत कापायला जायचो.

आपलं घर पाडायला काढलंय. माझ्यामुळे.

तू घराकडे बघायला पाठवलंस म्हणून आलो, तर खिडक्यांच्या काचा फुटलेल्या. समोरच्या गेन्समावशी आठवतात ना? घरात कुणी राहतंय असं वाटावं म्हणून त्या अजून स्वतःची गाडी आपल्या दारात लावतात. म्हणाल्या, "फळ्या ठोक पोरा, वर पडदे रंगव. आमच्याकडे तसाच नियम आहे." मी रंगवले. पिवळे. एका खिडकीत मांजरही काढलं. जत्रेत पाट्या रंगवायचो ना, तो हात अजून गेला नाही. त्या जत्रेतलं एक अस्वल... जाऊ दे.

पण मावशी रस्त्यापलीकडच्या, म्हणजे हार्लो शहरातल्या. तिथे रंगवलेल्या फळ्या म्हणजे घराची निगा. आपल्या मॅरिसमध्ये फळ्या म्हणजे घर टाकून दिलेलं. नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला, दारावर घर पाडण्याच्या नोटिशीचा लाल कागद चिकटवला. जाताना म्हणाला, "मांजर झकास आहे. पलीकडच्या बाजूला काढलं असतंस तर शाबासकी मिळाली असती."

मावशींनी डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला. मी म्हटलं, "तुम्ही काय करणार मावशी, गल्ली एक आणि शहरं दोन."

आता फळ्या काढून काचा बसवल्यात. तरी सोमवारच्या सुनावणीत मालकाने स्वतः उभं राहून सांगायला हवं, की मी इथे राहणार. नाहीतर बुलडोझर. मालक कोण ते तुला ठाऊक आहे. आईला पुरलं त्या दिवशी तू म्हणालीस, त्यांचं नाव या घरात काढायचं नाही. मी काढलं नाही. शोधत मात्र होतो. क्लीव्हलंडच्या बंदरावर त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे निरोप ठेवला. उत्तर नाही. आशा सोडली, पिशवीही भरून ठेवली. घर पडताना बघायला थांबणार नव्हतो.

थांब, मावशी बाहेर कुणाला तरी ओरडतायत, "इतक्या वर्षांनी आलास, आणि गाडी काढायला मलाच सांगतोस?"

ताई, बाबा आलेत. भिंतीला टेकवलेल्या फळ्यांपाशी उभे आहेत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या आईचे पडदे निळे होते, ओडी."

घरात घेऊ का, हे तुला विचारायला हवं होतं. पण ते पायरीशी थांबलेत, वर चढत नाहीत. मी दार उघडायला चाललोय.

रागाव, पण सोमवारच्या आत ये.

तुझा,
ओडेल