चौथी पट्टी

४ ऑगस्ट, सोमवार

कॅप्टन कुणाला करावं — जो आधी नोकरीला लागला त्याला, की जो चांगलं उडवतो त्याला? मला उत्तर देता येत नाही. परवापर्यंत येत होतं!

जानेवारीत वैमानिकांच्या बैठकीत मीच उभी राहून म्हणाले होते, "आधी आला म्हणून पुढे? ही काय रेशनची रांग आहे?" टाळ्या पडल्या. कंपनीने नियमही बदलला. आता सहवैमानिकाला बढती गुणांवर. आणि गुण देणार शेजारी बसणारे, कंपनीने निवडलेले कॅप्टन.

आज विमानतळावर श्रीधर सर भेटले. आम्हा सहवैमानिकांत सगळ्यांत जुने. जुन्या नियमाने पुढचा नंबर त्यांचाच होता. नव्या यादीत मी वरून दुसरी, ते तळाला.

"अभिनंदन, तनया. रांगेचं एक बरं होतं. तिच्याकडे बघून हसावं लागत नव्हतं."

चहा मात्र त्यांनीच पाजला.

५ ऑगस्ट, मंगळवार

शनिवारचं लिहूनच टाकते. दिल्लीहून सकाळचं विमान, सोबत कॅप्टन रणजित. वर पोचलो आणि ते झोपले. आधी सांगून डुलकी घेता येते — सांगून! हे न सांगता सरळ घोरायला लागले. पुणं जवळ आलं. हाका मारल्या. नाहीच. रेडिओवर मीच बोलले, विमान खाली आणायला मीच सुरुवात केली. ढगांत शिरलो तेव्हा खांदा धरून हलवलं. दचकून जागे झाले आणि हात घातला तो भलत्याच खटक्यावर. मी मनगट धरलं! मागे विमान गच्च भरलेलं.

उतरल्यावर हसले. "हे आपल्यातच ठेवायचं हं, बेटा. तुझे शेवटचे गुण गुरुवारी मीच देणार आहे."

नियम काय सांगतो ते मला पाठ आहे. कळवायचं. मी नाही कळवलं.

६ ऑगस्ट, बुधवार

रिपोर्ट लिहिला. वाचला. पाठवला नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

सगळ्यांत जास्त गुण मला! खाली शेरा — "शांत स्वभाव. कॅप्टनला सांभाळून घेते."

श्रीधर सरांना फोन केला. विचारलं, तुम्ही तळाला कसे?

"रणजितबद्दल कळवलं होतं, मार्चमध्ये. झोपेबद्दलच. मग मला शेरा आला — जुळवून घेत नाही."

"आणि त्यांना काही नाही झालं?"

"झालं की. गुण देणाऱ्यांत घेतलं."

तेच पुढे म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही खरंच चांगलं उडवता."

ते हे बोलले नसते तर बरं झालं असतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. वाघोलीला आईच्या शिवणाच्या दुकानात गेले. घरात मी पहिली पदवीधर. पदवीचा फोटो दुकानात लावून आईचं भागलेलं नाही. रविवार पेठेतून सोनेरी फीत आणली, आणि माझ्या खांद्यावरच्या तीन पट्ट्यांच्या जोडीला कॅप्टनची चौथी शिवूनही टाकली! अजून बढतीचा कागद नाही, काही नाही.

"कॅप्टनबाई, हलू नका. टाचणी टोचेल."

ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईंना सांगत होती, "हिला वशिल्याने नाही हो मिळालं. गुणांवर! आमचं आहे कोण तिथं?"

बाई म्हणाल्या, "नशीब काढलंत."

मी पाणी प्यायचं निमित्त करून मागे गेले.

२५ ऑगस्ट, सोमवार

नवी यादी लागली. मी तळाला, श्रीधर सरांच्याही खाली. कॅप्टन रणजित आहेत तिथेच आहेत.

चौथी पट्टी उसवून आईच्या बटणांच्या डब्यात ठेवली. अजून तिला काही बोलले नाही. रिपोर्ट मी त्याच शुक्रवारी पाठवला होता — दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून, आई आत माझे गुण सांगत होती तेव्हा.