चौकटीवरचा गेरूचा ठिपका

नागपूर, माघ, बुधवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांबरोबर आमच्याच वस्तीत दारोदार फिरलो. सर्वांग दुखतं, पण तपासणीत काही निघत नाही, अशी मोठी माणसं किती, हे त्यांना पाहायचं होतं; मला वर्तमानपत्रासाठी चार ओळी. असं माणूस सापडलं की चौकटीवर गेरूचा ठिपका.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्या बाईंना म्हटलं, "ताई, अंग दुखायची ही नवी फॅशन दिसते."

"फॅशन असती तं आरशात दिसली असती, भाऊ."

डॉक्टर मानेपाशी अंगठा दाबत. जो तो त्याच जागी दचके. एकमेकांना न सांगता?

आमच्या दारी मीच म्हणालो, "इथे सगळे धडधाकट." याला आप्तवाक्य म्हणतात, पुरावा मागायचा नसतो.

परतताना बिनठिपक्याचं दार शोधत आलो. आपलं तरी असेल ना? चौकटीवर गेरू होता, अजून ओला.

"हा कोणी लावला?"

"मीच," ही म्हणाली. "तुळशीचा गेरू होता घरात. ते तुम्हाले विचारून गेले, मले नाही."

किती वर्षं? तिच्या मानेपाशी अंगठा नुसता नेला. टेकण्याआधीच ती दचकली.