तिसऱ्या कलमातले इंजिन मेलेले नाही

मागच्या महिन्यात केलेल्या माझ्या मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमात 'ट्रकचे इंजिन संपले आहे, तो भंगारात द्यावा' असे मी लिहिले होते. ते चूक आहे. म्हणून ते मृत्युपत्र रद्द करून मी, बाबांची धाकटी मुलगी, वय वर्षे सव्वीस, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे नवे लिहीत आहे. धाक नाही, पण भीती आहे. ती माझी स्वतःची आहे.

१. चूक कशी झाली ते आधी लिहिते, कारण माझ्याच शब्दावर विसंबून दादाने भंगारवाल्याला होकार दिला आहे आणि येत्या बुधवारी तो ट्रक कापायला येणार आहे. जुना ट्रक पारखायची आमच्या घरात एक रीत आहे. पूर्ण थंड झालेले इंजिन सुरू करायचे आणि ऑइल भरायच्या तोंडावरचे झाकण काढून तिथेच उलटे ठेवायचे. झाकण बसून राहिले तर इंजिन निरोगी. नाचून पडले तर आतल्या रिंगा झिजल्या. मुळाक्षरांच्या आधी मी हे शिकले. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेला, ट्रेलर ओढणारा हा ट्रक ते गेल्यापासून आवारात उभा होता. मी झाकण उलटे ठेवले, ते उडून थेट दादाच्या पावलावर पडले.

"गेलं," मी म्हणाले.

"पाय की इंजिन?" दादाने विचारले.

मी इंजिन म्हणाले, आणि तसेच लिहून ठेवले.

२. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, हिने जन्मभर जुने ट्रक पारखले. त्या आवाजांनी तिचे कान गेले. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे घरातल्या भांडणात शेवटचा शब्द तिचाच असतो. गेल्या गुरुवारी ती आवारात आली आणि मला बोटाने चावी फिरवून दाखवली. मी इंजिन सुरू केले. तिने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले, लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. एकेका सिलिंडरपाशी थांबत ती पुढे सरकत गेली. कान नसलेली बाई दातांनी ऐकत होती. मी लहानपणापासून ट्रकांत वावरले, पण त्या वेळी श्वास घ्यायचे विसरले.

"हहाही बोलताहेत," ती म्हणाली. मग मूठ तोंडातून काढून नीट म्हणाली, "सहाही. पण याचा श्वास कोंडलाय गं. नळी बघ."

मी खाली शिरले. इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, आतून घोटून गुळगुळीत केलेले. दाब बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून झाकण नाचले होते. मी नळी मोकळी केली, इंजिन थंड होऊ दिले आणि ते सुरू करून झाकण पुन्हा उलटे ठेवले. आत क्षणाक्षणाला आग पेटत होती, लोखंड वर-खाली धावत होते, आणि त्या सगळ्यावर झाकण स्वयंपाकघरातल्या वाटीसारखे शांत बसून होते. मला हात जोडावेसे वाटले. हात तेलाने माखले होते, म्हणून नुसती उभी राहिले.

३. दादा म्हणतो, "झाकण बसलं म्हणजे घाट चढला असं नाही." हे त्याचे खरे आहे. इंजिनाची किंमत चढावर कळते. तेव्हा भरलेला ट्रेलर जोडून मी ट्रक घाटापलीकडे नेऊन परत आणणार आहे. ट्रक स्वतःच्या पायांनी परत आला, तर भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवायचे, असे दादाने कबूल केले आहे. "मी नेतो," असेही तो म्हणाला. पण मेला म्हणाले ते मी, तर उठवायचाही मीच. माझ्याकडे परवाना आहे. मात्र शेजारी बाबा नसताना भरलेली गाडी मी कधी घाटात नेलेली नाही.

"ट्रक चालवायला निघालीस की स्वर्गात?" दादा म्हणाला. तरीही लिहून ठेवलेले बरे.

४. मी परतले नाही आणि ट्रक चालण्याजोगा राहिला, तर तो दादाचा. आत्याने इंजिनाला दात लावल्याशिवाय त्याने तो मोडीत काढू नये. बाबा गेले त्याच आठवड्यात ज्या दलालाने टायरला लाथ मारून किंमत सांगितली, त्याला तो कोणत्याही किमतीला देऊ नये. पारखणारा माणूस लाथ मारत नाही.

५. बँकेतली शिल्लक आईला, तिच्या स्वतःसाठी. दादाच्या नव्या फोनसाठी नाही.

६. माझे सगळे पाने मामेबहिणीला. तिने माझा एकोणीस नंबरचा पाना गंजवून परत केला होता. सोबत तेलाचा डबाही द्यावा, म्हणजे तिला कळेल.

७. तो स्क्रूड्रायव्हर आत्याचा आहे, म्हणून मी तो कुणाला देत नाही. फक्त नोंद करते: त्याच्या मुठीवर तिच्या दातांच्या खुणांशेजारी दोन बारीक खुणा आहेत. मला दात येत होते तेव्हाच्या, असे ती सांगते.

हे मी वाचले, दोन शब्द दुरुस्त केले आणि सही केली.

साक्षीदार:
आत्या. (जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असे मी तिला लिहून दाखवले. "मग मला काहीच नाही?" म्हणाली. "तू परत ये, तेच दे," म्हणाली आणि सही केली.)
शेजारचा टायरवाला. ("मी सही पाहिली, घाट नाही," असे लिहून.)

ठिकाण: घरामागचे आवार, ट्रकच्या पायरीवर बसून
दिनांक: ९ मार्च, रविवार

ट्रक घेऊन निघण्याचा दिवस: ११ मार्च, मंगळवार, इंजिन पूर्ण थंड असताना.